अनुभव धागा: सोमवारी पहिला वर्ग, शनिवार-रविवारात काय उरकायचं?

जिल्हा परिषदेच्या शाळांत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षणसेवकांसाठी, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या शिक्षकांसाठी, हा धागा. शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात, विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा. नियुक्तीचा आदेश कधीकधी अगदी तोंडावर हातात पडतो आणि मध्ये उरतात दोन दिवस. शुभेच्छा आणि आठवणी दुसरीकडे चालू द्या. इथे फक्त कामाचं लिहा: काय करायचं, किती, आणि कुठे फसतं. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

टेबलापलीकडून
आधी कागद. रुजू अहवालाच्या चार प्रती काढा. त्यावर तारखेसोबत म.पू. (मध्यान्हपूर्व) की म.नं. (मध्यान्हनंतर) हे लिहिलेलं हवं, कारण सेवा तिथून मोजली जाते. नियुक्ती आदेश, दहावीपासूनची प्रमाणपत्रं, जात वैधता, वैद्यकीय प्रमाणपत्र, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र यांचे मूळ कागद एका फायलीत आणि साक्षांकित प्रती दुसऱ्या फायलीत. मूळ कागद कुणाच्याही टेबलावर ठेवून घरी जायचं नाही. दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँक पासबुक समोर ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळवा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल, तर शालार्थमध्ये (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत) नाव चढताना घोळ होतो आणि मानधन लटकतं.

फळ्याच्या उजवीकडे
शनिवारी शाळेत जाऊन या. सजावटीसाठी नाही, फळ्यासाठी. फळ्यावर एक ओळ लिहा आणि सगळ्यात मागे, मुलं बसतात तिथे, जमिनीवर बसून वाचा. उभ्याने वाचून काही कळत नाही. खिडकीचा उजेड पडून फळ्याचा एक भाग चकाकतो, तिथलं अक्षर मागून दिसतच नाही. तो भाग चित्रासाठी सोडा. अक्षर साधारण दोन इंच उंच लागतं. फळ्याचा खालचा वीतभर भाग पुढच्या डोक्यांआड जातो, तिथे महत्त्वाचं लिहू नका. नवा खडू किंचाळतो, म्हणून अर्धा मोडून तिरका धरा. ओल्या फडक्याने पुसलेला फळा वाळल्यावर पांढरट होतो, मग अक्षर उठत नाही. आधी कोरड्याने झाडा, ओलं फडकं शाळा सुटल्यावर.

आणि छत बघा. पत्र्याची खोली असेल तर पाऊस कोसळल्यावर तुमचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही जात नाही. ओरडून फक्त घसा बसतो. त्या वेळेसाठी लिखाणाचं किंवा चित्राचं एक काम हाताशी ठेवा. गळतं कुठे ते विचारून घ्या आणि तिथे मुलं बसवू नका.

तिसरी-चौथी एकत्र
वरचं ठीक, पण द्विशिक्षकी शाळेत खरं काम वेगळंच. एका खोलीत दोन इयत्ता असतात आणि नवीन माणूस शिकवण्याची तयारी करून जातो. तयारी हवी ती ज्यांना त्या वेळी शिकवत नाही त्यांच्यासाठी! चौथीला वीस मिनिटं द्यायची तर तिसरीच्या हातात वीस मिनिटांचं, न विचारता करता येणारं काम हवं. 'पाठ वाचा' हे काम नव्हे, चार मिनिटांत संपतं. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या द्या: प्रत्येकाने पाच उचलायच्या, चढत्या क्रमाने लावायच्या, वहीत उतरवायच्या, शेजाऱ्याकडून तपासून घ्यायच्या आणि चिठ्ठ्या बदलायच्या. पहिल्या दिवसाला असे चार संच पुरतात. दोन फळे असतील तर समोरासमोरच्या भिंतींवर घ्या म्हणजे दोन्ही इयत्ता पाठीला पाठ लावून बसतील. शेजारी-शेजारी फळे असले की तिसरीची मुलं चौथीचं ऐकत बसतात.

हजेरीवाली
हजेरीपटात पहिल्याच दिवशी शाईने नावं भरू नका. जूनभर दाखले येतात-जातात. मुलं आधी, मुली नंतर असा क्रम लावला की तिसऱ्या दिवशी आलेलं नाव कुठे घुसवायचं हा प्रश्न. कच्च्या यादीवर हजेरी घ्या, नावं स्थिरावली की पक्की करा. शाळेला शिक्षक किती मिळणार हे ठरवताना पट ३० सप्टेंबरचा धरतात, त्यामुळे तोवर नाव राहून गेलं तर ते महागात पडतं.

यादी रविवारी मोठ्याने वाचा. अडणारे उच्चार गेल्या वर्षीच्या गुरुजींना किंवा अंगणवाडी सेविकेला फोन करून विचारा. मुलाचं नाव पहिल्याच दिवशी चुकलं की वर्ग हसतो, आणि ते नाव वर्षभर तसंच चिकटतं.

हजेरी पहिल्या तासालाच, कारण आकडा स्वयंपाकघरात जातो. पोषण आहारात तांदूळ पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०. पट ३२ आणि हजर २५ असतील तर अडीच किलो शिजवायचा, ३.२ किलो नव्हे. अंदाजाने आकडा दिला की नोंदवहीतला साठा आणि पोत्यातला साठा जुळत नाही.

पहिलीच्या ताई
पहिली मिळाली असेल तर पाटी-अक्षरं विसरा. प्रवेशोत्सव, गुलाबाचं फूल, पुस्तकवाटप यात तास-दीड तास जातो आणि मग रडारड. आधी मुतारी आणि पाण्याचा नळ दाखवायला न्या, नाहीतर अकरा वाजता जमीन पुसावी लागते. हातवाऱ्यांची तीन गाणी पाठ हवीत, कागदात बघून जमत नाही. चपला बाहेर जोडीने लावायला शिकवा. एकसारख्या निळ्या चपलांवरून सुटताना भांडणं होतात. कोणाला कोण न्यायला येणार हे सकाळीच आईबापांकडून लिहून घ्या.

मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे पावरी किंवा भिली बोलणारी मुलं पहिलीत येतात, त्यांना मराठी जवळजवळ नवीन असतं. 'ये, बस, पाणी हवं का, दुखतंय का, आई येईल' एवढी वाक्यं त्यांच्या बोलीत अंगणवाडी सेविकेकडून शिकून घ्या. देवनागरीत लिहा, पण तिच्याकडून ऐकूनच.

तास आठवा
माध्यमिकवाल्यांसाठी थोडक्यात. ३५ मिनिटांच्या तासात हातात पंचवीसच येतात. नववीला बीजगणित असेल तर धडा उघडू नका, पाच उदाहरणं द्या: −३−५; २/३ + १/४; २४० चे १५ टक्के; २क + ७ = १५; (अ + ब)चा वर्ग. गुण देऊ नका, उत्तरं वाचा. पहिल्याचं उत्तर अधिक ८ आलं तर 'वजा वजा अधिक' हा गुणाकाराचा नियम बेरजेत घुसलाय. दुसऱ्याचं ३/७ आलं तर पोराने वर-वरचे आणि खाल-खालचे मिळवलेत. मग जूनचं नियोजन आपोआप ठरतं.

टेबलापलीकडून
'पहिले पंधरा दिवस हसू नका, छडी दिसू द्या' असं स्टाफरूममध्ये कोणीतरी सांगणारच. छडी टेबलावरही ठेवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहे.

फळ्याच्या उजवीकडे
चार्ट आणि फ्लेक्सवर पैसे घालू नका, प्राथमिकचं मानधन १६ हजार आहे. दोरी, जाड स्केचपेन, चिकटपट्टी, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी एवढं बास. आणि शाळेची किल्ली सोमवारी कोणाकडे असणार, हे रविवारी फोन करून विचारा.