दहातले नऊ जण गप्प बसले, तर तो आकडा खरा मानायचा का?

गुहागरचा निवृत्त:
पंधरा वर्षं गणवेशात काढली. आता मुलगी सैन्यात जायचं म्हणते, म्हणून हे वाचायला घेतलं. अमेरिकी सैन्यात लैंगिक अत्याचारांची गोपनीय पाहणी होते. 2021 च्या पाहणीवरून अंदाज निघाला, वर्षभरात सुमारे 35,800 जणांना हे सोसावं लागलं. उत्तरं मात्र जेमतेम दहा टक्क्यांनी दिली. ज्याने सोसलं तोच वेळ काढून फॉर्म भरतो. आकडा फुगलेला आहे, हे माझं मत.

अंगणवाडीताई, चिपळूण:
दादा, मला उलट वाटतं. जिच्यावर गुदरलं तिला तो फॉर्म उघडवतच नाही. आमच्या सर्वेक्षणात सासू ओटीवर बसलेली असली की सून म्हणते, "मागाहून या." शिवाय छळाला कंटाळून नोकरी सोडलेली बाई यादीतच नसते.

दापोलीकर:
दोघंही आधीच दिशा ठरवून बोलताय. आमच्या वाडीत पावसाळ्यात पाहणी केलीत तर निम्म्या घरांना कुलूप, माणसं मुंबईला. विहिरीच्या पाण्याबद्दल विचारलंत तर उत्तर फारसं चुकणार नाही. कमाई विचारलीत तर पार चुकेल. कुलपं तेवढीच! म्हणजे नुसते दहा टक्के बघून काही ठरत नाही. सैन्यात एक सोय असते: गप्प बसलेल्याचंही वय, हुद्दा, तुकडी नोंदीत असते. 2014 मध्ये रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने तिथल्या सैन्यात सुमारे 5.6 लाख जणांना विचारलं, 1.7 लाखांहून जास्त जणांनी उत्तर दिलं. ज्या गटातून उत्तरं कमी आली, त्यांच्या उत्तरांना नोंदी बघून जास्त वजन दिलं. तेव्हाचा अंदाज 20,300 च्या आसपास होता.

गुहागरचा निवृत्त:
मान्य. पण एकाच वयाच्या, एकाच हुद्द्याच्या दोघींपैकी सोसलेलीनेच भरला, तर वजन देऊन काय साधणार?

दापोलीकर:
काहीच नाही. तिथे गप्प राहिलेल्यांतले थोडे निवडून, फोन करून पुन्हा विचारायला हवं.

अंगणवाडीताई, चिपळूण:
फोनवर? बराकीत चार जण शेजारी असताना? दादा, तुमच्याकडे हा फॉर्म आला असता तर भरला असतात?

गुहागरचा निवृत्त:
नसता भरला. माझ्यावर काही गुदरलंच नव्हतं. पण शेजारच्या खाटेवरच्या पोरावर गुदरलं होतं. त्यानेही नसता भरला. "फुगलेला" हा शब्द मागे घेतो.