'कलेक्टिव्ह कॉन्शन्स'ला मराठीत काय लिहाल?

मेघना_ठाणे: फाशीवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यात मच्छी सिंग खटल्याचा १९८३चा सुप्रीम कोर्टाचा निकाल येतो. समाजाच्या 'कलेक्टिव्ह कॉन्शन्स'ला इतका धक्का बसलाय की समाज न्यायाधीशांकडून फाशीचीच अपेक्षा ठेवेल, अशा अर्थाचं वाक्य आहे. मी 'सामूहिक सदसद्विवेकबुद्धी' लिहिलं, संपादक म्हणतात 'जनभावना' करा. मला नाही पटत.

वऱ्हाडकर: समाजमन लिहा ताई. 'समाजमन हादरलं' पेपरात रोज येतं, कोणालाही कळतं.

शब्दवेडा: मन हादरेल हो, पण विवेक? कोणी रागाच्या भरात काही करायला निघालं की आमची आजी म्हणायची विवेक सोडू नकोस, म्हणजे राग आवरतो तो विवेक, आणि तोच फाशी मागतोय हे मराठीत वाचताना खटकतं. संपादकांचं बरोबर आहे, जनभावनाच.

मेघना_ठाणे: पण कोर्टाने भावना म्हटलेलंच नाही ना! अनुवादात आपण निकाल दुरुस्त करायचा का?

वऱ्हाडकर: आणि लोक रस्त्यावर आले म्हणजे विवेक सुटला असं कसं? आमच्या गडचिरोलीकडच्या देसाईगंजचं मथुरा प्रकरण घ्या, मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाल्याचं. १९७८ला सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, ७९ला कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मोर्चे निघाले, तेव्हा कुठे १९८३ला कोठडीतल्या बलात्काराचं कलम आलं. इथे विवेक लोकांकडे होता.

शब्दवेडा: मान्य. पण दिल्लीच्या २०१२च्या सामूहिक बलात्कारानंतर कायदा सुधारायला नेमलेल्या वर्मा समितीने लोकांकडूनच सूचना मागवल्या, ऐंशी हजारांच्या आसपास आल्या, आणि समितीने बलात्काराला फाशी नको, बालगुन्हेगाराचं वय १८च ठेवा असं सांगितलं. तरी काही प्रकारांत फाशी आलीच, आणि डिसेंबर २०१५मध्ये त्या प्रकरणातला अल्पवयीन गुन्हेगार सुटला तसं दोन दिवसांत राज्यसभेने १६ ते १८च्या मुलांवर गंभीर गुन्ह्यात प्रौढांसारखा खटला चालवायची वाट मोकळी केली. सूचना आल्या ते लोकमत. नंतर कायदा ज्याने बदलला तो जनक्षोभ. दोन्हीला एक शब्द नका वापरू.

गोदातीर: 'गुन्हा' तरी मराठी कुठे, फारसी आहे, 'अपराध' लिहा. आता भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आलीये, भाषा शुद्ध करायला याहून चांगली वेळ नाही.

वऱ्हाडकर: मग फिर्याद, जामीन, वकील पण काढा, कोर्टात माणूस बोलेल काय? आणि संहितेच्या नावातून दंड गेला, शिक्षा कुठे गेल्या? फाशी आहेच.

गोदातीर: जामिनाला 'प्रतिभूती' आहे की.

वऱ्हाडकर: गडचिरोलीत म्हणून बघा कोणाला.