करंट अकाउंट दुसऱ्या बँकेत हलवलं तर पैसे देतायत, हलवू का?

वेळणेश्वरकर

नमस्कार मंडळी, इथे बँकवाले पण आहेत म्हणून विचारतोय. आमचं वेळणेश्वरला छोटं होमस्टे आहे, मे महिना आणि दिवाळी सोडली तर बाकी वर्ष शनिवार-रविवारच्या जिवावर. करंट अकाउंट पहिल्यापासून जवळच्या एका सरकारी बँकेत. परवा चिपळूणहून एका प्रायव्हेट बँकेचा पोरगा आला, दोन ग्लास सोलकढी पिऊन झाल्यावर म्हणतो काका अकाउंट आमच्याकडे हलवा, २००० चं व्हाउचर देतो, साउंडबॉक्स फ्री, आणि घरातल्यांची सेव्हिंग खाती उघडलीत तर प्रत्येकी ५०० वेगळे. मी म्हटलं विचार करून सांगतो.

तर त्याच रात्री मावसभावाचा फोन, तो इंग्लंडात असतो, त्याला सहज सांगितलं तर तो हसायलाच लागला, म्हणे आम्ही इकडे हेच करतो, बँक बदलायची की दीडशे-दोनशे पौंड खात्यात, पुढच्या वर्षी परत दुसरी बँक, आणि जुन्या बँकेत तोंड दाखवायला पण जावं लागत नाही. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर आपण काय घोडं मारलंय? आपल्याकडे कोणी असं केलंय का, काय काय निस्तरावं लागतं ते सांगा. जुनं खातं बंद करायचं की राहू द्यायचं हा पण प्रश्न आहेच.

रीडिंग_ते_रत्नागिरी

मावसभाऊ खरं बोलतोय, मी तिकडे नोकरीला होतो तेव्हा आमच्या ऑफिसात हा लंच टाइमचा आवडता विषय होता. पण तिकडे हे जमतं त्याला कारण आहे. २०१३ च्या सप्टेंबरपासून तिकडे करंट अकाउंट स्विच सर्व्हिस म्हणून देशभराची एक व्यवस्था आहे. तुम्ही फक्त नव्या बँकेला सांगायचं, सात वर्किंग डेजमध्ये सगळं हलतं, म्हणजे शिल्लक, लाइटबिल-फोनबिलाचे डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप कापली जाणारी बिलं), भाड्याची स्टँडिंग ऑर्डर, सगळं. जुनं खातं आपोआप बंद होतं आणि त्यावर चुकून कोणी पैसे पाठवले तर पुढे तीन वर्षं ते नव्या खात्यात वळते होतात. मध्ये काही घोळ होऊन तुम्हाला दंड-व्याज लागलं तर ते परत मिळायची गॅरंटी. २०११ मध्ये तिकडच्या बँकिंग कमिशनने, व्हिकर्स कमिशन म्हणतात त्याला, सांगितलं होतं की लोक वर्षानुवर्षं त्याच बँकेला चिकटून बसतात म्हणून बँकांना स्पर्धाच नाही, त्यातून हे आलं.

आता पैसे फुकट देतात का, तर नाही. साधारण अटी अशा असतात की किमान दोन डायरेक्ट डेबिट हलवा, महिना-दोन महिन्यांत हजार-दीड हजार पौंड खात्यात आणा, आणि आधी त्याच बँकेकडून बोनस घेतलेला नसावा. हुशार लोक काय करतात, मेन खात्याला हात लावत नाहीत, एक जास्तीचं खातं उघडून त्यावर दोन किरकोळ डायरेक्ट डेबिट टाकतात आणि तेच खातं या बँकेतून त्या बँकेत फिरवत राहतात. फक्त घराचं कर्ज काढायचं असेल त्याच्या आधी हे धंदे बंद, कारण नवीन खात्याच्या अर्जाची नोंद क्रेडिट फाइलवर राहू शकते.

आणि मेन गोष्ट, तिकडे करंट अकाउंट म्हणजे नोकरदाराचं पगाराचं रोजचं खातं, तुमच्यासारखं धंद्याचं नाही. त्यामुळे तुलना सरळ होत नाही.

कुडाळचो_झील

व्हाउचर खंयच्या दुकानात चालता त्यां आधी इचार. आमच्या हयसर एकाक गावलेलां, त्यां फकस्त ऑनलाइन कपड्यांकच चालणारां निघालां. मासळीबाजारात चालणारां आसतां तर गोष्ट येगळी 😄

काउंटरमागचा_माणूस

मी बँकेतून रिटायर झालोय, रत्नागिरी जिल्ह्यातच सगळी सर्व्हिस झाली त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तो पोरगा तुमच्यामागे का लागलाय ते बघा. आपल्याकडे करंट अकाउंटवर व्याज द्यायचंच नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणजे तुमची जी काही शिल्लक पडून राहते ती बँकेला बिनव्याजी वापरायला मिळते. त्यातून दोन हजार दिले तर बँकेचं काही जात नाही. त्याला टार्गेट आहे, त्याच्यावर राग धरू नका, पण त्याने दिलेला कागद नीट वाचा, खास करून क्वार्टरली ॲव्हरेज बॅलन्स किती, तो मोडला तर चार्ज किती, आणि महिन्याला कॅश किती फुकट भरता येते. दिवाळीत नाहीतर मे मध्ये पाहुणे रोख देतात, ती रोकड चिपळूणला जाऊन भरणार का? अर्धा दिवस गेला त्यात. आणि फुकटच्या लिमिटच्या वर गेलात की हजारामागे चार्ज, वर १८ टक्के जीएसटी.

दुसरं, आपल्याकडे ते सात दिवसांत सगळं हलवणारं यंत्र नाही. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी अकाउंट नंबर पोर्टेबिलिटीचा विषय काढला होता, मोबाइल नंबरसारखी, पण आजही तुम्ही नंबर घेऊन दुसऱ्या बँकेत जाऊ शकत नाही. त्यामुळे एलआयसीचा हप्ता, कर्जाचा ईएमआय, जे जे खात्यातून आपोआप जातं त्याचं मँडेट प्रत्येक ठिकाणी नव्याने द्यायचं, बुकिंगच्या साइट्सवर नवीन कॅन्सल्ड चेक अपलोड करायचा, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर रिफंडसाठी खातं परत व्हॅलिडेट करायचं, जीएसटी नंबर असेल तर तिथेही खातं बदलायचं. एक हप्ता बाउन्स झाला की तुमचे दोन हजार तिथेच संपले, कारण चार्ज बँक पण लावते आणि समोरचा पण लावतो.

तिसरं, कॅश क्रेडिट (सीसी) किंवा ओडी, म्हणजे धंद्यासाठी बँकेने खात्यावर मंजूर केलेली उचल, आहे का? असेल तर नीट विचार करा. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये कर्जदारांच्या करंट अकाउंटवर बंधनं आणली, नंतर लहान कर्जदारांना मोकळीक मिळाली, तरी तुमची सगळी उलाढाल दुसरीकडे वळली तर रिन्यूअलला मॅनेजर स्टेटमेंट समोर ठेवून विचारणारच, धंदा कमी झाला का म्हणून.

वेळणेश्वरकर

धन्यवाद काका. सीसी नाही, आंब्याच्या कलमांवर केसीसी (किसान क्रेडिट कार्डाचं कर्ज) आहे पण ते सेव्हिंगला जोडलंय. कागद मागवला व्हॉट्सॲपवर, वाचला. मोठ्या अक्षरात २००० आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात अटी, चष्मा लावून झूम करून वाचावं लागलं. तिमाहीला सरासरी ५०,००० ठेवायचे, नाही ठेवले तर तिमाहीला ७५० अधिक जीएसटी. व्हाउचर खातं उघडल्यावर लगेच नाही, पहिल्या तिमाहीत सरासरी पाळली तर त्यानंतर. साउंडबॉक्स सहा महिने फ्री मग महिन्याला भाडं. तो पोरगा यातलं काही बोलला नव्हता.

काउंटरमागचा_माणूस

मग हिशोब तुमचा तुम्हीच करा. ७५० वर जीएसटी धरून ८८५. जुलै ते सप्टेंबर तुमच्याकडे कोण येतंय, समुद्र खवळलेला, निम्म्या खोल्यांना ताडपत्री, त्या तिमाहीत सरासरी मोडणार. अशा दोन तिमाही मोडल्या की १७७०, म्हणजे व्हाउचरातले २३० उरले. आणि मोडू नये म्हणून ५०,००० अडकवून ठेवलेत तर तेच पैसे एफडीत साडेसहा टक्के धरले तर वर्षाला ३,२५० देतात.

एक बारकी गोष्ट सांगतो जी सेल्सवाले सांगत नाहीत. सरासरी म्हणजे रोज रात्रीची शिल्लक बेरीज करून दिवसांनी भागतात. त्यामुळे रोज ५०,००० असायलाच हवेत असं नाही, दीड महिना एक लाख राहिले आणि पुढे शून्य झालं तरी चालतं. मे महिन्याची कमाई लगेच न उचलता जून अखेरपर्यंत ठेवली तर एप्रिल-जून निघून जाते. प्रश्न पावसाळ्याचाच.

दापोलीची_वैनी

सगळे करंट अकाउंटवरच बोलतायत, मला घरातल्या बायकांच्या खात्याचं बोलायचंय कारण खरा घोळ तिथे होतो. ते ५०० च्या नादाने नवीन खातं उघडताना फॉर्मवर आधार सीडिंगचा, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधार या खात्याला जोडायचा, रकाना असतो, तो पोरगा स्वतःच टिक करून मोकळा होतो. सरकारी पैसे अकाउंट नंबर बघून येत नाहीत, आधारला जे खातं शेवटचं जोडलंय तिथे जातात. आमच्या शेजारच्या काकूंचे लाडकी बहीणचे दीड हजार अचानक यायचे बंद झाले, ती बिचारी दर दोन दिवसांनी बँकेत जाऊन पासबुक भरून आणायची आणि कोरं परत, शेवटी कळलं पैसे त्या नवीन खात्यात पडतायत ज्याचं एटीएम कार्ड अजून पाकिटातून बाहेर पण काढलं नव्हतं. पीएम किसान आणि गॅसची सबसिडी पण तशीच. आधारच्या साइटवर लॉगिन केलं की बँक सीडिंग स्टेटस दिसतं, कुठली बँक जोडलीय ते बघा आधी. आधार केवायसीला द्यायला हरकत नाही, पण सीडिंगला सही करू नका आणि फॉर्म पोराने भरला असेल तर सही करायच्या आधी सगळी पानं उलटून बघा.

सावंतवाडी_एक्स्प्रेस

विषय निघालाच आहे तर, खरी बँक २००० देतेय तोवर ठीक, पण आमच्याकडे कॉलेजच्या पोरांना वेगळीच ऑफर येतेय. तुझ्या नावावर खातं उघड, एटीएम कार्ड आणि सिम आम्हाला दे, महिन्याला पाच हजार घे. हे खातं भाड्याने देणं आहे, त्यातून सायबर फ्रॉडचे पैसे फिरतात आणि पोलीस येतात ते ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारात. कोणाच्या घरात असं झालं असेल तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० ला फोन करा. पोरांना वाटतं आपण काय केलं, नुसतं कार्डच तर दिलं.

रीडिंग_ते_रत्नागिरी

मी तर म्हणेन जुनं खातं बंद करू नका, नवीन पण लगेच नको. त्या पोराला सांगा मिनिमम बॅलन्स कमी असलेला दुसरा प्लॅन दाखव, बहुतेक बँकांत असतो, फक्त त्यावर त्याला इन्सेंटिव्ह कमी म्हणून तो शेवटी काढतो. आणि हाच कागद घेऊन तुमच्या जुन्या बँकेत पण जा एकदा. दुसरी बँक साउंडबॉक्स फ्री देतेय म्हटल्यावर आमच्या इथल्या मॅनेजरने दोन दिवसांत भाडं माफ करून दिलं होतं. दुसऱ्या बँकेत खातं असण्याचा एक फायदा आहे म्हणा, ठेवींचा विमा प्रत्येक बँकेत वेगळा पाच लाखांपर्यंत असतो, पण त्यासाठी आधी तेवढे पैसे पाहिजेत 😀

वेळणेश्वरकर

वैनींचं वाचून बायकोच्या खात्याचं स्टेटस आत्ताच बघितलं, जुन्याच बँकेत आहे, हुश्श. घरातली खाती कॅन्सल. करंटसाठी जुन्या मॅनेजरला सोमवारी भेटतो. एकच शंका राहिली, समजा पुढे कधी हलवलंच तर काउंटरवर, जेवणाच्या पडवीत आणि गेटवर चिकटवलेले क्यूआर सगळे बदलावे लागतील का?

काउंटरमागचा_माणूस

क्यूआर बँकेने दिलेला असेल तर हो, तो त्याच खात्याला बांधलेला असतो. पेमेंट ॲपवाल्या कंपनीचा असेल तर ॲपमध्ये जाऊन फक्त पैसे जमा होणारं खातं बदलायचं, स्टिकर तोच राहतो. बदल केल्यावर आधी स्वतःच दहा रुपये मारून बघा आणि ते नव्या खात्यात आले की मगच पाहुण्यांना स्कॅन करू द्या. शनिवारी दुपारी चेक-आउटच्या गर्दीत हे करायला बसू नका.