जवळ घेतलं की अंग चोरतं: नातं कच्चं आहे का?

प्रश्न: दोन वर्षांचं मूल मिठी मारली की निसटतं, डोक्यावर पाणी घेताना किंचाळतं, कपड्याच्या लेबलनेही रडतं. आईबाबांची ओढ कमी आहे, असं समजायचं का?

उत्तर १: नाही. स्पर्श नकोसा होणं वेगळं, माणूस नकोसं होणं वेगळं. पडल्यावर, घाबरल्यावर ते कुणाकडे धावतं आणि तिथे शांत होतं का, ते बघा. मूल-पालकांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनीही थोड्या ताटातुटीनंतर दोघं पुन्हा भेटतात त्या क्षणाचं विशेष बारकाईने निरीक्षण केलं.

उत्तर २: अशा मुलांना बऱ्याचदा हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श जास्त टोचतो. समोरून या, आधी सांगा, मग पूर्ण तळवा पाठीवर स्थिर ठेवा, कुरवाळू नका. पाणी ओतताना डोळ्यांवर कोरडा रुमाल, मोठ्याने दहा अंक, आणि दहाला थांबायचंच. दहानंतरही पाणी ओतलंत की पुढच्या वेळी आकड्यांचीच भीती बसू शकते. लेबल कापू नका, उसवा. कापलेली कड जास्त बोचते.

उत्तर ३: पालकाचंही बघा. दिवसभराच्या आवाजाने, अंगाशी झोंबण्याने तेही संध्याकाळी चिडतात. टीव्ही बंद करा. थोडं बाजूला व्हावंसं वाटलं तर मुलाला “दोन मिनिटांत येते” म्हणा आणि खरंच परत या. खाणं, झोप बिघडत असेल तर बालविकासतज्ज्ञांना दाखवा.