मदत हवी आहे: इंदूर, कॉलेजमधल्या लैंगिक छळाची तक्रार, मुदत संपत आली

मल्हारगंज | २ नोव्हेंबर

भाची इंदूरच्या एका खाजगी कॉलेजात बीएस्सी तिसऱ्या वर्षाला आहे, वय २०. जुलैत विभागाची मांडूला शैक्षणिक सहल होती. बसमध्ये सोबतच्या प्राध्यापकाने दोनदा नको तसा स्पर्श केला. मग रात्री-बेरात्री व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टावर मेसेज. शेवटचा १४ ऑगस्टचा, त्यात प्रॅक्टिकलच्या गुणांचा सूचक उल्लेख. विभागप्रमुखांना तिने तोंडी सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर आता प्राचार्य म्हणतात, सर लेखी माफी देतील, तुम्ही 'प्रकरण मिटले' असं लिहून द्या.

माफीच्या कागदावर सही करावी का? तक्रारीची तीन महिन्यांची मुदत कुठून मोजतात? आधी पोलिसात जावं लागतं का? आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रॅक्टिकल आहे, अंतर्गत गुण त्याच सरांच्या हातात, त्याचं काय करायचं? ऑफिसबाहेर 'आंतरिक परिवाद समिति'चा (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी कॉलेजची समिती) फलक आहे, पण नावं २०१९ची आहेत आणि त्यातल्या दोघी निवृत्त झाल्या आहेत.

शेव_लिंबू

सही अजिबात नको. बाकीचं जाणकार सांगतीलच.

पायरी

शेव_लिंबू म्हणतात ते बरोबर, पण का ते कळायला हवं. पॉश कायद्यात (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा, २०१३) समेटाची सोय आहे, मात्र ती चौकशी सुरू होण्याआधी, तक्रारदार मुलीने स्वतः मागितली तर, आणि समितीमार्फतच. पैसे हा समेटाचा पाया असू शकत नाही. एकदा समेट नोंदला गेला की पुढे चौकशी होत नाही. प्राचार्यांच्या टेबलावरचा 'मिटले' हा कागद कायद्यातला समेट नाहीच, पण उद्या समितीपुढे तोच नाचवला जाईल.

मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात. म्हणजे तुमचे तीन महिने १४ नोव्हेंबरला भरतात. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण ते तिच्या मर्जीवर. तेव्हा १२ दिवस हातात आहेत असं न धरता याच आठवड्यात अर्ज द्या. विभागप्रमुखांना तोंडी सांगितलं होतं ही गोष्ट तारखेसकट अर्जात घाला. ती तक्रार धरली जात नाही, पण विलंबाचं कारण म्हणून उपयोगी पडते.

तुमच्या कामाचा नियम यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोग) आहे: २०१५चे विनियम, राजपत्रात २ मे २०१६ला आले. त्यात कॅम्पसची व्याख्या कॉलेजच्या भिंतीपाशी थांबत नाही. हॉस्टेल, कॉलेजची बस, इंटर्नशिप, शैक्षणिक सहल, खेळांच्या स्पर्धा, सगळं आत येतं. 'मांडूत झालं, कॉलेजात नाही' असं कोणी म्हटलं तर हे दाखवा.

आता अर्ज. तो प्राचार्यांच्या नावे लिहू नका, इथेच निम्म्या तक्रारी वाट चुकतात. प्राचार्यांच्या नावाचा अर्ज शिस्तपालन समितीकडे किंवा दोन सहकारी प्राध्यापकांच्या 'प्राथमिक चौकशी'कडे जातो आणि महिना तिथेच जातो. 'अध्यक्ष, आंतरिक परिवाद समिति' असं लिहा आणि प्राचार्यांना फक्त प्रत द्या. भाषा हिंदी किंवा इंग्रजी ठेवा, समितीतल्या सगळ्यांना वाचता आली पाहिजे. 'गैरवर्तन केले', 'त्रास दिला' असल्या शब्दांवर चौकशी उभी राहत नाही. तारीख, अंदाजे वेळ, बसमध्ये कोण कुठे बसलं होतं, हात कुठे लागला, ती काय म्हणाली, जवळ कोण होतं, असं एकेका परिच्छेदात एकेक घटना. लिहायला अवघड जातं, पण नंतर तोंडी विचारलं जाण्यापेक्षा एकदा लिहिलेलं बरं.

पॉश नियमांत सहा प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते अशी अट आहे. सहा द्या, सातव्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. 'मॅडम आल्या की देऊ' म्हटलं तर तिथे वाद घालत बसू नका. त्याच दिवशी ई-मेल करा आणि स्पीड पोस्टने पाठवा.

शेव_लिंबू

समितीच २०१९ची आहे, त्याचं?

पायरी

सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते, त्यामुळे ती समिती केव्हाच संपली. अर्जासोबत एक वेगळं, चार ओळींचं पत्र प्राचार्यांना द्या: सध्याच्या समितीचा स्थापना-आदेश आणि सदस्यांची नावं लेखी कळवा. आदेश आला की तपासा. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक हव्यात, कॉलेजात किमान असोसिएट प्रोफेसर दर्जाच्या. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या संस्थेचा एक सदस्य, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असल्याने तीन निवडून आलेले विद्यार्थी. निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. विभागप्रमुख, डीन, रजिस्ट्रार वगैरे वरच्या पदांवरचे लोक समितीत बसू शकत नाहीत, आणि खाजगी कॉलेजांत नेमके तेच बसवलेले असतात. चुकीच्या समितीने काढलेला निष्कर्ष पुढे कोर्टात पडतो आणि फायदा आरोपीला होतो, म्हणून ही हरकत पहिल्याच दिवशी, लेखी. समिती न नेमल्याबद्दल ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तीही पत्रात नमूद करायला हरकत नाही.

प्रॅक्टिकलचं मात्र आपणहून कोणी करणार नाही. अंतरिम उपाय विनियमांत दिलेले आहेत: आरोपीला तिचं मूल्यमापन करण्यापासून रोखणं, दोघांपैकी एकाला दुसऱ्या विभागात हलवणं, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा, आरोपीला अंतर ठेवण्याची ताकीद. पण मजकूर 'देता येईल' असा आहे, 'द्यावाच' असा नाही. तेव्हा तक्रारीच्या शेवटी नुसती विनंती नको. त्याच दिवशी वेगळा अर्ज करा: अंतर्गत गुण आणि प्रॅक्टिकलसाठी दुसरा परीक्षक, आणि निर्णय परीक्षेपूर्वी लेखी. उलट विभाग बदलायची पाळी तिच्यावरच आणतात, तेही आधीच नको म्हणून लिहा.

पुढचे टप्पे असे: ७ दिवसांत तक्रारीची प्रत आरोपीला, त्याचं उत्तर १० दिवसांत, चौकशी ९० दिवसांत पूर्ण, मग १० दिवसांत अहवाल, ३० दिवसांत कॉलेजची कारवाई. अपिलालाही ३० दिवस. दोन्ही बाजूंना अहवालाची प्रत मिळते, न मागता मिळाली नाही तर मागा. वकील आत नेता येत नाही. आणि आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी, असा अर्थ होत नाही, मुलीला हे आधीच सांगून ठेवा. भीती बहुतेक त्याचीच घातली जाते.

खजराना_रोड

माझं मत वेगळं. समिती कॉलेजचीच, पगार कॉलेजचाच. थेट पोलिस थाण्यात जा. एफआयआरशिवाय ही मंडळी हलत नाहीत.

पायरी

दोन्ही बरोबरीने चालतात, एकाची दुसऱ्याला अट नाही. तिला एफआयआर करायची असेल तर मदत करणं कॉलेजवर बंधनकारक आहे. पण परीक्षक बदलणं थाण्याच्या हातात नाही, आणि समितीकडे तक्रार देण्याची मुदत १४ तारखेला संपते. पोलिसांकडे ती तीन महिन्यांची अट नाही. म्हणून आधी समितीचा शिक्का घ्या, मग थाणं. त्याच दिवशी दोन्ही केलं तरी चालेल.

थाण्यात एक अडचण येईल: मांडू धार जिल्ह्यात. 'हमारा इलाका नहीं' असं ऐकावं लागेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवावीच लागते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. शिवाय मेसेज इंदुरात आले आहेत. जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा, एफआयआरची प्रत फुकट. इथे साधारणपणे भारतीय न्याय संहितेची ७४ (विनयभंग), ७५ (लैंगिक छळ) आणि ७८ ही कलमं येतात. ७८ म्हणजे पाठलाग. त्यात मुलीने नापसंती स्पष्ट दाखवूनही संपर्क चालू ठेवला हे महत्त्वाचं. तिने कधी 'मेसेज करू नका' लिहिलं असेल तर तो मेसेज पहिला जपा. थाण्याने घेतलंच नाही तर पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला पोस्टाने पाठवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट.

वकिलाचा खर्च धरू नका. महिलांना उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य आहे, जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. आपल्याकडे मध्य प्रदेशात १८१ ही सीएम हेल्पलाइन आहे हेही ध्यानात असू द्या. तिथला तक्रार क्रमांक समितीकडच्या अर्जाची जागा घेत नाही.

डिजिटल_भिया

पुराव्याचं मी सांगतो. स्क्रीनशॉट सेव्ह केलेल्या नावाचा नको. प्रोफाइल उघडून नंबर दिसू द्या आणि तिथून चॅटवर जाऊन वर सरकवत नेणारं स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या, तारखा दिसल्या पाहिजेत. सोबत व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट एक्सपोर्ट. इन्स्टाच्या व्हॅनिश मोडमध्ये (पाहिलेले मेसेज गायब होतात तो) स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा 'एकदाच पाहा' फोटो स्क्रीनशॉट घेऊच देत नाही. दोन्ही ठिकाणी दुसऱ्या फोनने फोटो काढा. ब्लॉक करायचं ते हे सगळं झाल्यावर. फोन विकू नका, रिसेट करू नका. कोर्टात मूळ उपकरण आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं. आणि कृपा करून काहीही वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका, तक्रारीतली नावं आणि मजकूर गोपनीय ठेवायचा आहे.

मल्हारगंज

सगळ्यांचे आभार. उद्या अर्ज टाइप करतो. एक राहिलं: त्याच बसमध्ये पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, तिलाही असेच मेसेज आले. ती १७ वर्षांची आहे. भाचीच्या अर्जात तिला साक्षीदार म्हणून घेऊ का?

पायरी

थांबा. १८च्या आत आहे म्हणजे तिची बाजू पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) जाते, आणि तिथे पोलिसांना कळवणं ऐच्छिक नाही. कलम १९प्रमाणे गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं आहे. म्हणजे कळलं असेल तर विभागप्रमुख, प्राचार्य, आणि आता तुम्हीही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. तिच्या आई-वडिलांशी आजच बोला. तिचा जबाब घरी किंवा तिला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, अधिकारी गणवेशात नसावा आणि शक्यतो महिला उपनिरीक्षक असावी. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते.

भाचीच्या अर्जात तिचं नाव घालू नका, अर्जाची प्रत आरोपीच्या हातात जाते. 'आणखी एका विद्यार्थिनीला असे मेसेज आले आहेत' एवढंच लिहा, नाव विचारलं तर तिचे पालक ठरवतील. दोन्ही मुलींना झोप, अभ्यास जड जात असेल तर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, कोणत्याही वेळी, मोफत.

मल्हारगंज

कळलं. आज संध्याकाळी तिच्या घरी जातो. अर्ज मंगळवारी आवक शाखेत.

शेव_लिंबू

मंगळवार कशाला, सोमवारीच द्या. आणि सातवी प्रत विसरू नका.