मांजरीला कोणती फळं चालतात? लवकर सांगा

चांदणीरात: खरबूज कापलं की आमची माऊ धावत येते. सफरचंद, केळं, द्राक्षं, संत्रं यातलं काय देऊ? हो की नाही एवढंच सांगा, प्लीज.

सुपारी: वय? काही आजार? एरवी काय खाते?

काळाबोका: द्राक्षं आणि मनुका अजिबात नाही. कुत्र्यांची मूत्रपिंडं त्यांनी निकामी होतात, मांजरावर प्रयोग कशाला? संत्र्याच्या सालीतलं तेल बाधतं. सफरचंद बिया काढून, खरबूज साल-बिया काढून. बोटाच्या पेराएवढा तुकडा, बस्स.

सरळवाट: फळं कशाला? आमच्याकडच्या सगळ्या दुधावर वाढल्या.

काळाबोका: बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

सरळवाट: आमच्या एकीलाही झाले नाहीत.

निळीशाई: मांजरांना गोड चव कळतच नाही, त्या चवीचं जनुकच त्यांच्यात निकामी आहे. माऊ खरबुजाच्या वासाला भुलत असेल. क जीवनसत्त्वही त्यांचं शरीर स्वतःच बनवतं, त्यामुळे फळांवाचून काही अडत नाही.

माळीबुवा: फळांचं राहू द्या, घरात लिलीची फुलं ठेवू नका. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजराच्या जिवावर बेततं.

सुपारी: धागा फळांचा आहे, पण हे सांगितलंत ते बरं केलंत. चांदणीरात, माझे प्रश्न राहिले.

चांदणीरात: पाच वर्षांची आहे, आजार नाही. कालपासून वाडग्याला तोंड लावलेलं नाही, म्हणून म्हटलं फळं तरी खाईल. यादी मिळेल का?

सुपारी: अहो, मग फळांचा विषयच नाही! मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते, दोन-तीन दिवसांतही प्रकरण गंभीर होऊ शकतं. अंगाने जाड आहे का? उलट्या?

चांदणीरात: जाड आहे. सकाळी एकदा उलटी झाली. पाणी पितेय.

सरळवाट: एखादा दिवस लंघन घडलं की पोट आपोआप ताळ्यावर येतं.

काळाबोका: ते माणसांचं. जाड मांजराला तर जास्तच धोका.

सुपारी: आजच डॉक्टरांकडे न्या. जबरदस्तीने भरवू नका. कांदा, लसूण, मनुका, फुलं, दोरा यातलं काही पोटात गेलं असेल का, तेही आठवून त्यांना सांगा.

चांदणीरात: फोन केला, लगेच आणा म्हणाले. तोवर खरबुजाचा तुकडा देऊ?

सुपारी: नको. निघा आता, आणि डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा.