शब्दचर्चा : विषय, आशयसूत्र, भाववृत्ती, रस

प्रश्न : अभिजात साहित्यावरच्या लेखांत हे चार शब्द सारखे येतात. थीम म्हणजे विषय आणि मूड म्हणजे रस, असं धरलं तर चालेल का?

— नाही चालणार. विषय एका शब्दात सांगता येतो. त्या विषयाबद्दल कलाकृतीचं म्हणणं काय, ते आशयसूत्र. थीमला हाच शब्द नेमका बसतो आणि ती सांगायला अख्खं वाक्य लागतं. कालिदासाच्या 'मेघदूता'त शापामुळे प्रियेपासून दुरावलेला एक यक्ष ढगाकरवी तिला निरोप धाडतो; त्याचा विषय विरह. आशयसूत्र मी असं मांडेन : विरहाने व्याकूळ झालेल्याला सजीव-निर्जीव हा भेदच उरत नाही. कालिदासाने पाचव्या श्लोकात हे स्वतःच सांगून टाकलंय. इतकं उघड सूत्र हाती देणारे कवी थोडेच, एरवी ते आपल्यालाच शोधावं लागतं.

भाववृत्ती म्हणजे मूड, मजकुरातून जाणवणारं भावनिक वातावरण. त्यासाठी 'मेघदूता'चा दुसरा श्लोक बघा. 'दुःख' हा शब्द त्यात कुठेही नाही. यक्षाच्या हातातलं सोन्याचं कडं गळून पडलंय, मनगट रिकामं आहे, एवढंच. आणि त्याला ढग दिसतो तो 'आश्लिष्टसानु', डोंगरमाथ्याला बिलगलेला. मिठीला पारखा झालेला माणूस ढगातही मिठीच बघतो! पुढच्याच श्लोकात 'कण्ठाश्लेष', म्हणजे गळामिठी, हा शब्द येतो, तेव्हा ही निवड सहज झालेली नाही. त्यात मंदाक्रांता या वृत्ताची चाल : आधी ४ गुरू अक्षरं रेंगाळत, मग ५ लघू घाईने. मोठ्याने म्हणून बघा, उसासा ऐकू येतो.

हा मूड संहितेत, म्हणजे लिहिलेल्या मजकुरात असतो. रस म्हणजे कलाकृतीतून येणारा भावनेचा आस्वाद; त्याची जागा मात्र काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताने रसिकाच्या मनात मानली. म्हणून 'या श्लोकाचा मूड करुण रस आहे' असं कुणी लिहिलं की मला खटकतं. शिवाय इथे करुण नाहीच, विप्रलंभ शृंगार, म्हणजे विरहातलं प्रेम आहे. यक्षाचा शाप वर्षभराचा, भेटीची आशा जिवंत आहे; करुणात ती उरत नाही.

— पण महाभारतात तर पानोपानी भाव बदलतो. तिथे एक रस कसा सांगायचा?

— तिथे अंगी रस बघायचा, म्हणजे बाकीच्यांना पोटात घेणारा मुख्य रस. ९व्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने महाभारताचा अंगी रस शांत ठरवला. एवढं युद्ध, एवढा वीर आणि रौद्र, तरी शांत! त्याचा आधार शेवटाला आहे : यादव काय, पांडव काय, दोघांचाही अंत मन उदास करणारा. तेव्हा एखाद्या युद्धपर्वावरून आशयसूत्र काढायची घाई करू नका, स्वर्गारोहण या शेवटच्या पर्वापर्यंत वाचा.